81 अर्ज आणि 9 चाचण्या

अकरावीच्या गणितातला क्रमचय-संचयाचा धडा मुख्यतः 'किती प्रकारे?' एवढेच विचारतो. आकडा आला की गणित संपले. त्यांतले नेमके कोणते प्रकार निवडावेत, हा प्रश्न बाजूलाच राहतो. संगणकाच्या आज्ञावल्या तपासणाऱ्याचे काम मात्र तिथूनच सुरू होते. ही उणीव आम्हाला लहान वाटत नाही.

धाराशिवचे उदाहरण घेऊ. जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये अधिकृतपणे बदलले. जुन्या दाखल्यांवर 'उस्मानाबाद' आहेच. समजा, शिष्यवृत्तीचे अर्ज स्वीकारणाऱ्या आज्ञावलीचा एक तुकडा पारखायचा आहे. जिल्ह्याचे नाव तीन तऱ्हांचे: जुने, नवे किंवा कोरी जागा. माध्यम मराठी, उर्दू किंवा इंग्रजी. बँकेतील खाते विद्यार्थ्याचे (1), पालकाचे (2) किंवा दोघांचे मिळून (3). उत्पन्न मर्यादेच्या आत (क), बरोबर मर्यादेइतके (ख) किंवा मर्यादेबाहेर (ग). जुळण्या झाल्या 81.

आता फळ्यावर नऊ घरांचा चौकोन काढा. ओळी वरील क्रमाने नावाच्या, स्तंभ माध्यमाचे. पहिल्या ओळीत 1क, 2ख, 3ग. दुसरीत 2ग, 3क, 1ख. तिसरीत 3ख, 1ग, 2क. कोणत्याही दोन बाबी घ्या, त्यांची प्रत्येक जोडी या नऊ घरांत एकदा, आणि एकदाच, सापडते. हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.

अशा चौरसांबद्दल ऑयलरने 1782 मध्ये तर्क केला, की 6, 10, 14 अशा बाजूंचे चौरस जमणारच नाहीत. सहाबाबत तो खरा ठरला. मात्र 10 पासून पुढचा सारा तर्क 1959 मध्ये राजचंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी खोटा पाडला. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. आपल्या वर्गांत त्यांचे नाव किती वेळा निघते? 1985 मध्ये मँडल यांनी 'एडा' या संगणकभाषेचा अनुवादक तपासण्यासाठी असेच चौरस वापरले.

पण या युक्तीचे कौतुक करणारे एक गोष्ट दडपून नेतात. हमी जोड्यांची आहे, तिकड्यांची नाही. आपल्या चौकोनात जुने नाव आणि उर्दू माध्यम यांच्या घरात 2ख आहे. म्हणजे दाखल्यावर 'उस्मानाबाद' असलेली, उर्दू शाळेत शिकणारी आणि स्वतःच्या नावे खाते असलेली मुलगी तपासणीत येतच नाही. दोष नेमका तिथे असला तर नऊही चाचण्या निर्वेध पार पडतील, आणि तिचा अर्ज परत येईल. अमेरिकेच्या मानक संस्थेतील कून व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रत्यक्षातले बिघाड अभ्यासले, तेव्हा बहुतेक एक-दोन बाबींमुळेच घडलेले आढळले. काहींना मात्र तीन ते सहा बाबी एकत्र याव्या लागल्या होत्या.

सर्व तिकड्या हव्या असतील तर 27 चाचण्या पुरतात. प्रत्येक बाबीच्या तीन पर्यायांना 0, 1, 2 असे क्रमांक द्यावेत, पहिल्या तीन बाबींच्या सर्व 27 जुळण्या लिहाव्यात आणि त्या तीन क्रमांकांच्या बेरजेला 3 ने भागून जी बाकी उरेल तो चौथ्या बाबीचा क्रमांक धरावा.