किल्ली हरवलेले खून

फ्रेडरिक नॉट यांच्या 'डायल एम फॉर मर्डर' या १९५२ च्या नाटकात सगळा डाव एका किल्लीवर उभा आहे. नवरा बायकोच्या पर्समधली किल्ली काढून जिन्यावरच्या गालिच्याखाली ठेवतो. मारेकरी त्या किल्लीने दार उघडतो आणि आत शिरण्याआधीच किल्ली पुन्हा जागच्या जागी ठेवतो. झटापटीत मरतो मात्र तोच. नवरा त्याच्या खिशातली किल्ली काढून बायकोच्या पर्समध्ये टाकतो. ती असते मेलेल्याच्याच घराची. या एका चुकीवर इन्स्पेक्टर हबर्ड त्याला पकडतो. कट कोणाचा, हे पहिल्या अंकातच ठाऊक असूनही प्रेक्षक जागचा हलत नाही. हिचकॉक यांनी १९५४ च्या चित्रपटात ही वीण उसवली नाही.

१९९८ चा 'अ परफेक्ट मर्डर' नेमका इथे निराश करतो.

अँड्र्यू डेव्हिस यांच्या या चित्रपटात नवरा बायकोच्या प्रियकरालाच सुपारी देतो. कल्पना तल्लख आहे, किल्लीही आहे. पण शेवटचा निकाल लागतो तो हाणामारीत आणि पिस्तुलाने. दूरचित्रवाणी मालिकेत पॉयरो साकारणारे डेव्हिड सुशे इथे पोलीस अधिकारी आहेत आणि त्यांच्या वाट्याला तपासच येत नाही. हिंदीत 'ऐतबार' (१९८५) नॉट यांच्या कथेवर बेतला, तर 'हमराज' (२००२) डेव्हिस यांच्या चित्रपटावर. म्हणजे नकलेचीही नक्कल झाली.

मराठीला रहस्याचे वावडे कधीच नव्हते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. राजा परांजपे यांच्या 'पाठलाग'वरून (१९६४) हिंदीने 'मेरा साया' (१९६६) केला. अलीकडे नीरज शिरवईकर आणि विजय केंकरे यांनी नॉट यांचीच कथा 'अ परफेक्ट मर्डर' या नावाने मराठी रंगमंचावर आणली. प्रेक्षक आहे, नटसंच आहे. उणीव आहे ती आपल्या मातीतल्या पुराव्याची.

नॉट यांच्या लंडनमधल्या फ्लॅटचे लॅच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या वाड्यावस्त्यांवर काय कामाचे? जुन्नर-आंबेगावात रहस्याला लागणारा ऐवज वेगळाच आहे. उसाच्या फडात बिबट्याचा वावर आहे. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. थ्री फेज वीज रात्रीची असली की मोटार चालू करायला अंधारात विहिरीवर जावे लागते. अशा रात्री फडाच्या कडेला कोणी मेलेले आढळले, तर संशय आधी बिबट्यावरच जाणार. मग वीज किती वाजता आली, स्टार्टर कोणी दाबला, पाणी कोणत्या सरीपर्यंत पोहोचले होते, यांतला एकच तपशील जबाबाशी जुळला नाही, तरी खुनी सापडू शकतो.

याच भागातले नारायणगाव तमाशाची पंढरी आहे. पहाटेपर्यंत वगात रंगणाऱ्या या मुलखातल्या प्रेक्षकाला गोष्टीतला सुटलेला धागा लगेच खटकतो. लेखकाने पुरावा त्याच्या डोळ्यांदेखत मांडावा आणि उलगडा त्यातूनच करावा, इतकी साधी अपेक्षा आजच्या बहुतेक रहस्यपटांना पेलत नाही.