बुडीत कर्ज : संज्ञा, टक्केवारी आणि व्यवहार

'बुडीत कर्ज' ही लेखाकर्मातील संज्ञाच मुळात दिशाभूल करणारी आहे. उधारीवर विकलेल्या मालाची रक्कम वसूल होत नाही, तेव्हा व्यापाऱ्याने कोणाला कर्ज दिलेले नसते. त्याची उधारी बुडालेली असते. बाजारात हाच शब्द रूढ आहे. पाठ्यपुस्तकी अनुवादामुळे मात्र विद्यार्थी ऋणकोकडील येणे व बँकेचे थकीत कर्ज यांची गल्लत करतात. बँकेचे कर्ज सर्वसाधारणपणे ९० दिवसांहून अधिक थकले की अनुत्पादक ठरते. उधारी केव्हा बुडाली, हे व्यापाऱ्यालाच ठरवावे लागते.

हा निर्णयच आपल्या अध्यापनातून हरवला आहे. अंतिम लेख्यांच्या उदाहरणात 'ऋणकोंवर ५% संशयित कर्ज निधी करा' अशी समायोजना येते. हे ५% आले कोठून, हे विद्यार्थी विचारीत नाही आणि शिक्षकही सांगत नाही. महिन्याभराची आणि दोन वर्षांपूर्वीची उधारी एकाच टक्केवारीने मोजणे हे गणित झाले, लेखाकर्म नव्हे. येणे किती जुने आहे, यावरून त्याचे वर्गीकरण करणे हाच निधीचा खरा पाया होय. इंड एएस १०९ या मानकातील अपेक्षित पतहानीच्या संकल्पनेत हा विचार आला आहे. पण ते मानक प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांना लागू आहे.

लहान व्यापारी बहुधा असा निधी करीतच नाही, आणि त्यास कारणही आहे. १९६१ च्या आयकर कायद्यानुसार सर्वसाधारण व्यापाऱ्यास निव्वळ निधीची वजावट नव्हती. येणे पुस्तकांतून निर्लेखित केले तरच ती मिळे. १ एप्रिल १९८९ पासूनच्या दुरुस्तीनंतर येणे खरोखर बुडाले हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये टीआरएफ लिमिटेडच्या प्रकरणात स्पष्ट केले. करदात्यास दिलासा मिळाला खरा. परंतु नुकसान केव्हा झाले यापेक्षा वजावट केव्हा सोयीची, याचा विचार प्रबळ झाला.

वस्तू व सेवा कराने तर वेगळाच अन्याय केला आहे. १,००,००० रुपयांच्या मालावर १८% दराने १८,००० रुपये कर विक्रेता शासनास भरतो. ग्राहकाने छदामही दिला नाही, तरी हा कर विक्रेत्यास परत मिळत नाही, कारण क्रेडिट नोटच्या तरतुदीत उधारी बुडण्याचा समावेशच नाही. उलट १८० दिवसांत पैसे न देणाऱ्या खरेदीदारास घेतलेली कराची वजावट व्याजासह परत करावी लागते. ती रक्कम शासनाकडे जाते. उधारी बुडालेल्या विक्रेत्याच्या खतावणीत १,१८,००० रुपयांचे येणे तसेच राहते.