'फॉर' दिसला की 'हॅज'?

मागच्या वेळी आपण शब्दांबद्दल बोललो, आज क्रियापदाच्या काळाकडे येऊ. स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजी पेपरात गाळलेली जागा भरायची असते, खाली चार पर्याय. आम्ही शिकवणारे काय सांगतो? 'सिन्स' किंवा 'फॉर' दिसलं की डोळे मिटून 'हॅज' नाहीतर 'हॅव' असलेला पर्याय निवडा. 'येस्टरडे' दिसला की साधा भूतकाळ. मुलं पाठ करतात, मार्क मिळतात, आम्हीही खूश.

आता या धाटणीचं एक वाक्य घ्या. 'ही'नंतर रिकामी जागा, पुढे 'इन पुणे फॉर टेन इयर्स'. पर्यायांत 'लिव्ड' आहे, 'हॅज लिव्ड' आहे. आमच्या नियमाने उत्तर 'हॅज लिव्ड', कारण 'फॉर' आहे. पण तो माणूस पुणं सोडून नागपूरला गेला असेल तर? मग 'लिव्ड'च बरोबर! मराठीत बघा. 'तो दहा वर्षं पुण्यात राहतोय' आणि 'तो दहा वर्षं पुण्यात राहिला' यांत आपला कुणाचाच घोटाळा होत नाही. 'दहा वर्षं' दोन्हीकडे तीच. काळ ठरतो तो परिस्थितीवरून, आणि प्रश्नात नेमकी तीच नाही. विचार करून 'लिव्ड' निवडणाऱ्या मुलीचा मार्क जातो. उणे गुण असतील तर ते वेगळेच.

'जस्ट'चंही तसंच. आम्ही 'आय हॅव जस्ट ईटन' शिकवतो, अमेरिकन माणूस 'आय जस्ट एट' सर्रास म्हणतो. (आणि सिनेमे आपण कुठले बघतो?)

मराठी मुलांची खरी अडचण या खुणांत नाहीच. घरात हाक आली की आपण 'आलोच' म्हणतो, अजून खुर्चीतून उठलेलोही नसतो. रूप भूतकाळाचं, अर्थ पुढचा. 'राहतोय' हा आपला वर्तमानकाळ, इंग्रजीत तिथे 'हॅज बीन लिव्हिंग' लागतं. म्हणून मुलं 'ही इज लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' लिहितात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेला आपण जुनाट म्हणतो, पण तिथे मराठी वाक्य समोर असायचं, अर्थ पक्का असायचा.

वाक्यरचनेचे प्रश्न त्या मानाने सरळ. 'डू यू नो'च्या पुढे 'व्हेअर ही इज', 'व्हेअर इज ही' नाही. तिथे वाद नाही.

काळाच्या त्या प्रश्नालाही शेवटी 'अँड देन मूव्हड टू नागपूर' एवढं जोडलं की 'हॅज'ची वाट बंद होते. पेपर काढणाऱ्याला अर्धी ओळ जास्त लिहावी लागेल.