माचीवरचा एकांत आणि पाण्याची वाट

सोलापुराहून दिवसाच्या गाडीने मुंबईस निघालेल्या प्रवाशास खंडाळ्याचा घाट उतरताना उजव्या हाताला, खोल दरीच्या पलीकडे, श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले दिसतात. डब्यातील मंडळी खिडकीशी गर्दी करतात, 'काय देखावा आहे!' असे उद्गार काढतात, आणि बोगदा आला की पुन्हा आपापल्या फराळाच्या डब्याकडे वळतात. खंडाळ्यास तर हा देखावा न्याहाळण्यासाठी 'राजमाची पॉइंट' नावाची जागाच राखलेली आहे. त्या दोन शिखरांच्या पायथ्याशी, माचीवर, उधेवाडी नावाची माणसांची वस्ती आहे, ही गोष्ट कणसे खात तेथे उभ्या राहिलेल्यांपैकी कितीजणांच्या ध्यानी येत असेल, देव जाणे. आम्हांस ती ठाऊक झाली ती गोपाळ नीलकंठ दांडेकर यांच्या 'माचीवरला बुधा' या कादंबरीमुळे.

१९५८ साली प्रसिद्ध झालेली ही छोटी कादंबरी आम्ही कित्येक वर्षे महाविद्यालयात शिकवीत आलो. मुंबईच्या धकाधकीस विटलेला एक म्हातारा आपल्या वाडवडिलांच्या माचीवर परत येतो, वस्तीपासून अलग राहून झाडे, पाखरे आणि जनावरे यांच्याशी सोयरीक जोडतो, आणि अखेर त्या रानाशीच एकरूप होऊन देह ठेवतो, एवढेच तिचे कथानक. कथानक असे थोडके असताना वाचकास धरून ठेवणे हे सामान्य लेखकाचे काम नव्हे. दांडेकरांची भाषा तेथे इतकी हळुवार होते की पानापानावर ओल्या मातीचा वास यावा. ही कादंबरी शिकविताना आमचा आवाज आपोआप खाली येई, आणि तास संपल्यावर वर्गात दोन क्षण शांतता राहिली की आम्ही कृतार्थ होत असू.

गेल्या वर्षी ही शांतता एका मुलीने मोडली. मुलगी सांगोल्याकडील, बोलण्यात भिडस्त, पण त्या दिवशी उभी राहून तिने विचारले, "सर, बुधाच्या जागी एखादी म्हातारी मुंबईहून परत आली असती, तर ही कादंबरी झाली असती का?" आम्ही प्रथम हसलो. मग विचारले, "का बरे होणार नाही?" ती म्हणाली, "तिला पाखरं बघायला सवड कुठली, सर? तिला पाणी आणायला जावं लागलं असतं."

आम्ही काही तरी उत्तर दिले. काय दिले ते आता आठवत नाही, यावरूनच त्याची योग्यता वाचकांनी ओळखावी. घरी आलो तो नळाला पाणी येण्याचा दिवस होता. आमच्या जुळे सोलापुरात, काल-परवापर्यंत जो नुसता माळ होता तेथे, नळाचे पाणी कित्येक दिवसांआड येते, आणि आले म्हणजे घरातील सारी हालचाल त्याच्याभोवती फिरू लागते. आमच्या सौभाग्यवती पिंपे, घागरी, पातेली, फार काय, चहाचे पेलेही भरून ठेवीत होत्या. आम्ही मात्र व्हरांड्यात बसून बुधाचा एकांत या विषयावर टिपणे काढीत होतो. सोलापूरच्या मुलीने पाण्याचा प्रश्न विचारावा यात नवल ते काय! नवल असेल तर ते इतकेच की इतक्या वर्षांत तो आम्हांस सुचला नाही.

सह्याद्रीच्या माथ्यावरील वस्त्यांची स्थिती ज्यांनी पाहिली आहे त्यांस ही अडचण समजावून सांगावयास नको. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. आमच्या माणदेशात पडतो तो सुमारे पाचशे. पण घाटमाथ्याचा काळा कातळ पाणी धरून ठेवीत नाही. आषाढात ज्या वाडीची वाट ओढ्यांनी तोडलेली असते, त्याच वाडीला चैत्रात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. किल्ले बांधणाऱ्यांस हे ठाऊक होते. म्हणूनच प्रत्येक गडावर त्यांनी आधी टाकी खोदली, मग तट उभारले. आणि मौज पाहा: याच घाटमाथ्याचा पाऊस लोणावळ्याच्या तलावांत अडवून टाटांनी १९१५ साली खोपोलीस वीज निर्माण केली, आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरविली. डोंगराचे पाणी असे तारेवरून मुंबईस गेले, आणि त्याच्या मागोमाग डोंगराची माणसेही पोटासाठी मुंबईस गेली. तेव्हा बुधा मुंबईस कंटाळून परत आला, एवढे सांगून भागत नाही. माचीवरील माणसाला मुंबई मुळात का गाठावी लागते, हाही त्या कादंबरीचाच प्रश्न आहे. तिने तो विचारलेला नाही.

याचा अर्थ दांडेकरांनी डोंगर पॉइंटवरून पाहिला असा कोणी करील, तर तो कृतघ्नपणा होईल. लहानपणीच घर सोडून निघालेला, गाडगे महाराजांच्या सहवासात राहिलेला, नर्मदेची परिक्रमा पायी केलेला आणि सह्याद्रीचे गड पुनःपुन्हा चढलेला हा लेखक. त्यांच्याइतका डोंगर तुडविलेला दुसरा मराठी कादंबरीकार आम्हांस ठाऊक नाही. बाईच्या डोळ्यांनी पाहणे त्यांना साधत नव्हते असेही नव्हे. १९५५ च्या 'पडघवली'त कोकणातील एका गावाचा ऱ्हास त्यांनी अंबावहिनीच्या तोंडून सांगितला आहे, आणि तिच्या बोलण्यात चूल, गोठा, आजारपण, भाऊबंदकी सारे काही आहे. म्हणजे उणीव दृष्टीची नसून निवडीची आहे. माचीवर त्यांस एकांत हवा होता, आणि एकांतासाठी वस्तीला जरा दूर सारणे भाग होते. लेखकाला तो अधिकार आहेच. आमचा आक्षेप लेखकापेक्षा आम्हां वाचकांवर अधिक आहे, कारण आम्ही त्या एकांतालाच डोंगरावरील जीवन समजून बसलो.

येथे 'बनगरवाडी'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरीही १९५५ सालचीच. हिरव्या घाटाचे येथे नाव नाही. माणदेशाचा उजाड माळ, त्यावर धनगरांची मूठभर घरे, आणि औंध संस्थानच्या नोकरीतला एक पोरसवदा मास्तर. मेंढरांमागे जाणारी पोरे शाळेत येत नाहीत. मास्तर लोकांची पत्रे लिहितो, भांडणे ऐकतो, हळूहळू त्यांच्यातला होतो. त्याच्या पुढाकाराने गाव तालीम बांधते, तिच्यासाठी खुद्द राजेसाहेब येतात. आणि पुढे पाऊस दगा देतो तेव्हा वाडी ओस पडते. कोणी क्रांती करीत नाही, कोणी भाषण देत नाही. (संस्थान लहान, पण कर्तबगार होते हे येथे सांगितले पाहिजे. कैद्यांना तुरुंगाच्या भिंतींवाचून ठेवण्याचा स्वतंत्रपूरचा प्रयोग आटपाडीजवळ, याच माळावर झाला. त्यावरून निघालेल्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या बोलपटाची कथा व्यंकटेशरावांचे वडीलबंधू ग. दि. माडगूळकर यांची.)

या कादंबरीत शेकूचा प्रसंग आहे. औताला दुसरा बैल नाही, पेरणीची वेळ टळत चालली आहे, तेव्हा त्याची बायको स्वतः जुवाखाली उभी राहते. आम्ही हा प्रसंग आजवर पतिनिष्ठेचे आणि कष्टाळूपणाचे उदाहरण म्हणून शिकविला. परीक्षेत त्यावर प्रश्नही काढला. परवा तो पुन्हा वाचला आणि शरम वाटली. तेथे निष्ठेचा प्रश्नच नाही. बैलाची किंमत आणि बाईची किंमत यांतील अंतर त्या माळावर किती उरले होते, एवढेच माडगूळकर दाखवितात आणि पुढे जातात. त्यांची वाक्ये आखूड असतात, विशेषणे मोजकी. दांडेकरांच्या लेखणीत हाच प्रसंग आला असता तर डोळे पाणावले असते. येथे ते कोरडे राहतात, आणि म्हणूनच दृश्य पुसले जात नाही. तरीही त्या मुलीचा प्रश्न 'बनगरवाडी'लाही विचारता येईल. शेकूची बायको जुवाखालून निघून घरी गेल्यावर काय करते? कथा मास्तराच्या तोंडून येते. त्यामुळे मास्तर जेथवर जाऊ शकतो तेथवरच वाचक जातो, आणि चुलीपर्यंत मास्तर सहसा पोचत नाही.

कादंबरीने जे दूरून पाहिले त्याच्या आत एक पुस्तक शिरले, ते कादंबरी नव्हे. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० साली निघाले आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू-तलासरीकडील रानवस्त्यांत वारल्यांमध्ये १९४५ पासून केलेल्या कामाची ही हकीकत आहे. लग्नासाठी जमीनदाराकडून काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा आणि बायको दोघेही आयुष्यभर वेठीला कसे बांधले जात, हे 'लग्नगडी' या एका शब्दात त्या सांगतात. लेखिकेच्या राजकीय मतांशी आमचे सर्वस्वी जुळत नाही. पण रानातील माणूस कशाला भितो, कशाला भुकेला असतो आणि कोणाचा किती देणेकरी असतो, हे तेथे जितके कळते तितके आमच्या कोणत्याही रम्य कादंबरीत कळत नाही. पुढे वाहरू सोनवणे यांच्यासारख्यांनी आपल्या माणसांविषयी आपणच लिहावयास आरंभ केला. त्या लिखाणात डोंगर 'देखावा' म्हणून येत नाही. ज्याला रोज सरपण घेऊन तो उतरावयाचा आहे, त्याला तो तसा दिसणार तरी कसा?

मग 'माचीवरला बुधा' आता शिकवू नये काय? आम्ही शिकविणार आहोत. इतके चांगले गद्य मुलांपासून दूर ठेवणे आम्हांस जमणार नाही. फक्त येत्या सत्रात तिच्या जोडीला 'बनगरवाडी' लावू, आणि बुधाच्या एकांताविषयी बोलताना आवाज खाली येऊ देणार नाही.

त्या मुलीला आम्ही म्हटले होते, तुझी म्हातारी तूच लिहून आण. तिने तीन पाने लिहून आणली. शुद्धलेखन यथातथाच आहे. पहिल्या पानावर म्हातारी पहाटे हंडा घेऊन माची उतरू लागते. वाटेत तिला एक पाखरू दिसते, ती क्षणभर थांबते, आणि मागून येणारी बाई 'चल गं, रांग लागंल' म्हणून हाक मारते. तिसरे पान संपते तेव्हा हंडा अजून भरलेला नाही.