महाराष्ट्री कोणाची?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेनें अँड्र्यू ओलेट यांचा ‘लँग्वेज ऑफ द स्नेक्स’ हा प्राकृतविषयक ग्रंथ २०१७ सालीं सर्वांस खुला ठेवून प्रसिद्ध केला. बुलढाण्याच्या विद्यार्थ्यासही तो दमडी न मोजतां मिळतो. हालाच्या ‘गाथासप्तशती’ची महाराष्ट्री म्हणजे गोदातीरच्या शेतकऱ्यांची बोली, हा आपला लाडका समज. ग्रंथकारांच्या मतें ती सातवाहनकाळीं संस्कृताच्या जोडीनें घडविलेली काव्यभाषा होय. आपल्या अभिमानास हें रुचणार नाहीं. आम्हांस मात्र तें बव्हंशीं पटतें. इतकी घोटीव रचना आणि इतकी सूचकता खळ्यावर आपोआप उगवत नाहीं. परंतु ज्याच्या भाषेच्या कुळाचा हा वाद, त्या मराठी वाचकास तो इंग्रजींतच वाचणें भाग आहे. अमरावती विद्यापीठानें रीतसर अनुमति घेऊन याचा अनुवाद करवावा आणि तोही असाच विनामूल्य द्यावा.