चक्रव्यूह आणि चौकशी : संशोधननीतीची दोन कथारूपे

संशोधनातील सचोटी ही व्यक्तीच्या चारित्र्याची बाब मानावी की संस्थेच्या कार्यपद्धतीची, हा प्रश्न विद्यापीठांच्या नियमावल्यांत जसा उपस्थित होतो तसाच तो कथात्म साहित्यातही होतो. मात्र नियमावलीला प्रक्रिया हवी असते, तर कथेला नायक हवा असतो. सी. पी. स्नो यांची 'द अफेअर' (१९६०) ही इंग्रजी कादंबरी आणि रमापद चौधुरी यांच्या 'अभिमन्यू' या बंगाली कादंबरीवरून तपन सिन्हा यांनी दिग्दर्शित केलेला 'एक डॉक्टर की मौत' (१९९०) हा हिंदी चित्रपट यांची तुलना या ताणाच्या संदर्भात उद्बोधक ठरते.

स्नो स्वतः केंब्रिजचे वैज्ञानिक. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी जीवनसत्त्व 'अ' संबंधीचा त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्याचा दावा चुकीचा ठरला आणि पुढे ते लेखनाकडे वळले. 'द सर्च' (१९३४) या त्यांच्या कादंबरीचा नायक निष्काळजीपणातून घडलेल्या चुकीमुळे पद गमावतो आणि अखेरीस मित्राने हेतुतः केलेली लबाडी ओळखूनही मौन पत्करतो. 'द अफेअर'मध्ये हाच प्रश्न व्यक्तीच्या विवेकाकडून संस्थेच्या न्यायबुद्धीकडे सरकतो. हॉवर्ड या तरुण वैज्ञानिकाच्या संशोधनातील एक छायाचित्र बनावट असल्याचे आढळते आणि महाविद्यालय त्याला पदावरून दूर करते. पुढे दिवंगत ज्येष्ठ प्राध्यापकाची कागदपत्रे हाती येतात. त्यांच्या वहीतील एक छायाचित्र नाहीसे झालेले असते, पण त्याखालची ओळ शिल्लक असते. हॉवर्ड कोणालाही प्रिय वाटावा असा माणूस नाही. त्याची डावी राजकीय मते सहकाऱ्यांना खुपतात. कादंबरीचे नैतिक बळ नेमके येथेच आहे. नावडत्या माणसालाही पुराव्याच्या आधारे न्याय मिळाला पाहिजे, हे तत्त्व येथे कसोटीला लागते. मात्र गुरूने दिलेला पुरावा न तपासता स्वीकारणे हाही संशोधकाचा दोषच होय, या बाजूकडे निर्दोषत्व सिद्ध करण्याच्या ओघात काहीसे दुर्लक्ष होते.

'एक डॉक्टर की मौत'मागे कोलकात्यातील डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची शोकांतिका आहे. इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी जगातील पहिले परीक्षानळी-बालक जन्मले. त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून 'दुर्गा' जन्मली. राज्य शासनाने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा फेटाळला, पुढे त्यांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत झाली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. चित्रपटात या संशोधनाच्या जागी कुष्ठरोगावरील लस येते. दीपंकर रॉय यांचा शोध, वरिष्ठांचा मत्सर, दडपलेले परदेशी पत्र, खेड्यातील बदली आणि अखेर श्रेय अमेरिकी डॉक्टरांना मिळणे, अशी ही चढत्या अन्यायाची मांडणी आहे. मात्र या नायकाला मृत्यू येत नाही. तो परदेशातील संस्थेचे निमंत्रण स्वीकारतो. मरते ती देशी संस्थेवरील श्रद्धा.

या मांडणीची भावनिक परिणामकारकता निर्विवाद आहे; तिची वैचारिक मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. चौकशी म्हणजे छळ, हे समीकरण प्रेक्षकाच्या मनात पक्के होते. वास्तविक मानवी देहावरील प्रयोगाची छाननी ही विज्ञानाची शत्रू नव्हे. हेलसिंकी जाहीरनाम्याच्या १९७५ मधील दुरुस्तीने स्वतंत्र समितीची अपेक्षा व्यक्त केली होती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे यासंबंधीचे धोरणविषयक निवेदन मात्र १९८० चे, म्हणजे दुर्गाच्या जन्मानंतरचे. मुखोपाध्याय यांच्यावर अन्याय झाला तो छाननी झाली म्हणून नव्हे, तर ती त्या विषयाच्या जाणकारांकडून आणि न्याय्य रीतीने झाली नाही म्हणून. हा भेद चित्रपट करीत नाही.

विशेष म्हणजे तो भेद मूळ कादंबरीच्या शीर्षकातच सूचित आहे. अभिमन्यूची कथा केवळ एकाकी वीराची नाही. अनेकांनी मिळून एकाला मारणे हा युद्धनियमांचा भंग होता, म्हणून तो वध अधर्म ठरतो. नियमच नसते तर अधर्माची भाषाही संभवली नसती. चक्रव्यूहाचे रूपक अशा रीतीने नियमांचा त्याग नव्हे, तर त्यांचे पालन मागते. चित्रपटाच्या शीर्षकात 'मृत्यू' उरतो आणि रूपकातील हा धर्मविचार हरवतो.

मराठीत भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार', 'जरीला', 'झूल' या कादंबऱ्यांनी महाविद्यालयीन व्यवस्थेचे मर्मभेदी दर्शन घडविले. परंतु तेथे केंद्रस्थानी अध्यापकाचे जगणे आहे, संशोधनाचा पुरावा नव्हे. या पार्श्वभूमीवर मुखोपाध्याय यांच्या कथेचा उत्तरार्ध महाराष्ट्राशी निगडित असणे अर्थपूर्ण ठरते. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेल्या बालिकेमुळे देशातील या क्षेत्रातील पहिलेपणाचे श्रेय डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्याकडे आले होते. त्यांनीच पुढे मुखोपाध्याय यांच्या हस्तलिखित नोंदी अभ्यासल्या आणि १९९७ मध्ये ते श्रेय जाहीरपणे त्यांच्याकडे सोपविले. 'द अफेअर'मधील वहीप्रमाणे येथेही मृत संशोधकाच्या नोंदीच साक्षीदार झाल्या. फरक इतकाच की कादंबरीत छायाचित्र गहाळ होते. येथे पाने शिल्लक होती, ती वाचणारा मात्र सोळा वर्षे उशिरा आला. स्वतःच्या विरुद्ध जाणारा पुरावा मान्य करण्याची ही कृती दोन्ही कथारूपांच्या कक्षेबाहेर राहिली आहे. संशोधननीतीचे खरे नाट्य तिच्यातच आहे.