ली-मेटफर्ड बंदूक : रचना आणि कालनिर्णय

जुन्या शस्त्रांच्या संग्रहांत 'एन्फील्ड' हें नांव कोरलेली बंदूक आढळली कीं, ती १८५७ च्या उठावांतील असली पाहिजे, असा तर्क सहज केला जातो. हा तर्क किती निसरडा आहे, हें ली-मेटफर्ड बंदुकीच्या परीक्षणानें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एन्फील्ड हें इंग्लंडांतील सरकारी बंदुकांच्या कारखान्याचें ठिकाण होतें. तेथील १८५३ च्या नमुन्याची बंदूक तोंडाकडून ठासावयाची, टोपीची व ०.५७७ इंच व्यासाच्या नळीची होती. बोल्टची कल्पना त्याहून जुनी. प्रशियानें ड्रायझची सुईची बंदूक १८४१ सालींच स्वीकारली होती. परंतु ब्रिटिश सैन्यानें बोल्ट व मॅगझीन असलेली ०.३०३ इंची ली-मेटफर्ड पत्करली ती १८८८ सालीं. म्हणून एन्फील्डचें नांव व बोल्ट एकत्र दिसतांच सत्तावनची कथा सोडून द्यावी.

हिचे बोल्ट व मॅगझीन जेम्स पॅरिस ली याच्या योजनेचे. नळींतील सात उथळ चर विल्यम एलिस मेटफर्ड याचे. लीच्या बोल्टच्या अडणी मागील भागीं आहेत. १८९८ च्या माउझरच्या मुख्य अडणी पुढें, नळीलगत. त्यामुळें लीचा बोल्ट थोडक्यांत फिरतो व चपळ चालतो. मात्र स्फोटाचा दाब त्याच्या सर्व लांबीवर येऊन तो किंचित् दबतो. वेगांत ली व बळकटपणांत माउझर सरस, असें आमचें मत आहे.

खरा दोष नळींत होता. काळ्या दारूची काजळी सांचूं नये म्हणून चर उथळ ठेविले. पण लवकरच कॉर्डाइट आलें व त्याच्या उष्णतेनें ते झिजूं लागले. १८९५ सालीं पांच खोल चरांची एन्फील्ड नळी बसवून ली-एन्फील्ड सिद्ध झाली.

दस्त्यापुढील लोखंडी खोबणीच्या उजव्या अंगास मुकुट, कारखान्याचें नांव व साल असतें. तेवढ्यावर विसंबूं नये. झिजलेल्या नळ्या काढून नव्या घालीत. पुष्पिकेंतील शक जसा मागाहून जोडलेल्या पानांस लागू पडत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. संग्राहकांनीं बंदूक रिकामी असल्याची खात्री करून चर मोजावे. खोट्या कथेचा आधार गेल्यानें वस्तूचें मोल घटत नाहीं. ती प्रथमच पुरावा म्हणून बोलूं लागते.